तुम्ही तिथे नसाल तर

४ जानेवारी

सूनबाई,

माझा मुलगा गेला आणि आता तू दुसऱ्याच्या घरची सून, तेव्हा तुला सूनबाई म्हणायचा मला हक्क उरला की नाही ते माहीत नाही. पण दुसऱ्या नावानं मी तुला कधी हाक मारली नाही आणि या वयात नवी शिकवणी लावून घेणार नाही. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतेस. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं, म्हणून पत्र.

कामाचं सांगते. तुझ्या वडिलांच्या मानेवरची गाठ फुटली आहे. मोठ्या इस्पितळात नेलं होतं. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, घरी न्या. घरी न्या म्हणजे काय ते तुला कळेल, मी फोड करून सांगत नाही. घरी करणारं कोणी नाही. शेजारच्यांनी थोडे दिवस डबा दिला, मग वास सुटला तसे तेही दाराबाहेरूनच विचारायला लागले.

मला कसं कळलं म्हणशील. आमच्याकडे एक नर्सबाई येते. या भागात डॉक्टर फिरकत नाही. औषधांची एक गाडी, एक ड्रायव्हर आणि ही बाई, एवढाच कारभार. ज्यांचं आता बरं व्हायचं नाही त्यांच्या घरी ती जाते. मरायच्या आधी माणसाचं दुखू नये, हे तिचं काम. मदतीला म्हणून तिनं वस्तीतल्या बायकांना शिकवायला बोलावलं, तेव्हा मी चहा मिळेल म्हणून गेले होते. चहा मिळाला नाही, काम मिळालं. बाकीच्या बायका पहिली जखम बघूनच गळल्या. मी टिकले, कारण घरी परत जाऊन करायचं काय होतं?

परवा गाडी तुझ्या वडिलांच्या दारात उभी राहिली. मी नर्सबाईला म्हटलं, हा माणूस माझा व्याही आहे, सुनेच्या दुसऱ्या लग्नापासून आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "मग आजी, आज बघा."

आत खाटेवर बसले होते, भिंतीला टेकून, मान एका अंगाला. आडवं झालं की ठणकतं म्हणे, म्हणून रात्रीही तसेच बसतात. मला बघून म्हणाले, "या विहीणबाई. मानपानाला आलात की पोचवायला?"

मी म्हटलं, "जे आधी होईल त्याला."

नर्सबाईनं विचारलं, शून्यापासून दहापर्यंत धरलं तर दुखणं किती? "स्टँडिंग फुल्ल," म्हणाले. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली, दुसरी भाषा कुठून येणार.

मी तुला ये म्हणत नाही. पेशंटनं मागितल्याशिवाय कोणाला बोलवायचं नाही, असा नर्सबाईचा नियम आहे, आणि त्यांनी तुला मागितलेलं नाही. दुसरं लग्न केलंस तर हे दार बंद, असं म्हणाले होते, त्यातलं काही मागे घेतलेलं नाही. तुला ठाऊक असावं, एवढंच.

माझ्या नातवाचे, भोपळ्याचे, पुढचे दात आले का?

तुझी सासू (जुनी)

२ फेब्रुवारी

सूनबाई,

तू दारातूनच परत गेलीस. त्याच्या आधी आत काय झालं ते तुला माहीत नाही, ते लिहिते. वाच नाहीतर चुलीत घाल.

नर्सबाईनं मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. तुझे वडील घेईनात. सवय लागेल म्हणे. मी म्हटलं, "सवय लागायला वेळ लागतो, व्याहीबुवा. तेवढा आहे का तुमच्याकडे?" तेव्हा गिळली. पहिले दोन-तीन दिवस फार फरक नाही, मग नर्सबाईनं मात्रा वाढवली आणि त्या रात्री ते खाटेवर आडवे झाले. झोपले ते झोपलेच. सकाळ झाली, दुपार झाली, संध्याकाळ झाली. तोंड उघडं, श्वास संथ. हाक मारली तरी डोळा उघडेना.

आता ऐक. दुखण्यानं ज्याला कित्येक दिवस झोप नाही, त्याला औषध लागू पडलं की तो असाच झोपतो. शरीर आपली थकबाकी वसूल करतं. श्वास एका लयीत आहे, ओठांना रंग आहे, अंग ऊबदार आहे, तर झोपू द्यायचं. नर्सबाईनं आम्हाला हे पहिल्याच दिवशी शिकवलं. मी स्वतः किती घरांतून हे सांगितलंय. एका घरी तर सगळं गणगोत गोळा करून रडायला बसले होते, त्यांना मी झापलं होतं की अहो, माणूस घोरतोय आणि तुम्ही गळे कसले काढताय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. या घरात माझ्या डोक्यातून ते सगळं पार उडालं. ओठ बघायचे, श्वास मोजायचा, सगळं येतं मला. बघितलं नाही, मोजलं नाही. पोरीला कळवलं नाही आणि गेले तर, एवढंच डोक्यात घुसलं. नर्सबाई पलीकडच्या वस्तीत होती, तिचा फोन लागेना. मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या तोंडून तुला निरोप दिला, शेवटच्या घटका चालू आहेत, निघ. माझ्या तोंडचा तू ऐकला नसतास.

तू रात्रभर प्रवास करून सकाळी आलीस. ते पहाटेच उठले होते. उठले आणि भूक लागली म्हणाले. दुप्पट साखर घालून चहा प्यायले, मग आरसा मागितला, दाढीचा ब्रश मागितला. एका गालाला फेस लावून झाला होता, अंगात बनियन, आणि मी पट्टी बदलायला मानेवरचं सोडून ठेवलं होतं. जखम पूर्ण उघडी. तेवढ्यात तू दारात. तू ती जखम बघितलीस, आणि तू बघितलीस हे त्यांनी बघितलं. मग ते म्हणाले, "कोणी बोलावलं? मेलो नाही अजून. मेल्यावर कळवतील, तेव्हा ये."

ते बोलणं जखमेचं होतं, की त्यांचं, ते तुम्ही बापलेक बघा. मी आतल्या मोरीवर होते, हातात मोजे, त्यांना औषध लागलेलं. ते काढून बाहेर येईपर्यंत तू कोपऱ्यावर वळत होतीस. भोपळ्याच्या पाठीवर दप्तर होतं. तेवढं दिसलं.

दुकानदारानं तुझा निरोप दिला. म्हातारीला सांगा, नातू बघायचा होता तर सरळ मागायचा, माझ्या बापाला मारायची गरज नव्हती. सूनबाई, ते खरं नाही. निदान सगळं खरं नाही.

नर्सबाई मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आजी, घरचं माणूस असलं की सगळ्यांचं असंच होतं." मी म्हटलं, ते माझे घरचे नाहीत. ती बँडेज गुंडाळत राहिली.

सासू

१९ फेब्रुवारी

सूनबाई,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

इथलं सांगते. सकाळी गोळी कुटायची, तिची पूड जखमेवर भुरभुरायची, वर गॉज, वर पट्टी. ही गोळी गिळायची नाही, वास घालवायची. आता खोलीत वास येत नाही, तसे शेजारी उंबऱ्यापर्यंत यायला लागले आहेत. माणसाची माया नाकापाशी अडते, हे मी या कामात शिकले. आम्हाला नर्सबाईनं सांगितलंय की नाकाला हात लावायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही. मी म्हटलं, माझं तोंड जन्मजात वाकडं आहे, त्याचं काय करू?

तुझे वडील आणि मी खिडकीवरून भांडतो. त्यांना उघडी हवी, मला थंडी वाजते. गेली सहा वर्षं मी कोणाशी भांडले नव्हते. घरात भांडायला दुसरं माणूस लागतं.

एक दिवस त्यांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं, पोरगा केवढा झाला होता?

मी म्हटलं, "दप्तराएवढा. तुम्ही तर समोरून बघितलात, मी पाठीमागून. तुम्हीच सांगा."

"डोळे आईचे आहेत," म्हणाले. मग म्हणाले की डोकं मात्र तुमच्या घरचं, भोपळ्यासारखं. मी भांडले नाही.

आता मुद्द्याचं. नर्सबाई प्रत्येकाला कधीतरी विचारते, काही राहिलंय का, कोणाला भेटायचंय का. यांना विचारलं तेव्हा म्हणाले, काही नाही, शेवटचा स्टॉप आला, गाडी रिकामी आहे. ती गेली. मी पातेली घासत होते. तर मागून म्हणाले, "विहीणबाई, तिला लिहा. मी बोलावलंय म्हणून लिहा. तुम्ही नव्हे, मी."

मी म्हटलं, बोललात तुम्ही, निस्तरू मी? त्यावर ते जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. म्हणाले, "बस मागे घ्यायची असली की कंडक्टरला खाली उतरावं लागतं. मागे उभं राहून शिट्टी वाजवावी लागते, तेव्हा गाडी मागे येते. मला आता उतरवत नाही. तुम्ही वाजवा."

ही शिट्टी समज. माझ्या पदरचं यात काही नाही.

मागच्या वेळी मी अंदाजानं बोलले, म्हणून यावेळी नर्सबाईचं गणित देते. माणूस महिन्यामहिन्यानं उतरत असेल तर महिने उरलेत. आठवड्यानं उतरत असेल तर आठवडे. रोज उतरायला लागला की दिवस. तुझ्या वडिलांचं आठवड्याचं चालू आहे. मागच्या आठवड्यात मोरीपर्यंत चालत होते, या आठवड्यात नाही. पटलं नाही तर नर्सबाईला विचार, तिचा नंबर पाठीमागे लिहिला आहे. ती खोटं बोलत नाही, तिला तेवढा वेळ नसतो.

सासू

३ मार्च

सूनबाई,

तुझी ओळ मिळाली. "शनिवारी येते, तुम्ही तिथे नसाल तर."

बरं.

शनिवारी सकाळी तू यायच्या आधी मी निघालेली असेन. माझा चष्मा, माझी चप्पल, खुंटीवरची माझी पिशवी, काही ठेवणार नाही. नर्सबाईला सांगितलंय, ती दुसऱ्या बाजूच्या वस्तीत मला काम देते आहे. तुझ्या वडिलांना सांगितलं की माझी कंबर धरली. ते म्हणाले, कालपर्यंत तर बादल्या उचलत होतात. विश्वास बसला नसावा, पण कंडक्टर माणूस, उतरणाऱ्याला कारण विचारत नाही.

तू का घाबरतेस ते मला कळतं. तुझ्या दुसऱ्या लग्नाच्या वेळी मी म्हटलं होतं, तू खुशाल जा, पोराला माझ्याकडे ठेव. आता तसं मागणार नाही. तेव्हा मागितलं ते चुकलं असं मात्र माझ्याकडून लिहून घेऊ नकोस. माझा एकच मुलगा होता, आणि पोरगं हुबेहूब त्याच्यासारखं चालतं. पाठीमागून तरी तसंच दिसलं.

आता नीट वाच. हे मी तुला सांगणार नाही तर कोण सांगेल, नर्सबाईला दहा घरं असतात.

मॉर्फिनची वेळ चुकवायची नाही. दुखायला लागलं की देऊ असं करू नकोस, दुखणं दारात यायच्या आधी गोळी पोटात हवी. ते नको म्हणतील. त्यांचं ऐकू नकोस, तसंही तू कधी ऐकलं नाहीस. या गोळीनं पोट घट्ट होतं, त्याचं पातळ औषध निळ्या झाकणाच्या बाटलीत आहे, ते रात्री द्यायचं. लाजतील. तू लाजू नकोस.

पट्टी सुकी असेल तर ओढायची नाही. मिठाचं उकळून थंड केलेलं पाणी ओत, आपोआप सुटते. ओढली तर रक्त येतं आणि तू घाबरशील. कधी जास्त रक्त आलंच तर गडद रंगाचा टॉवेल दाबून धर, तो मी उशाशी ठेवला आहे. पांढऱ्या कापडावर थोडंही फार दिसतं, गडदावर माणसाचा जीव घाबरत नाही.

खायचा आग्रह करू नकोस. दोन घास गेले तर गेले. भूक मेली म्हणून माणूस मरत नाही, माणूस मरायला लागला म्हणून भूक मरते. ओठ ओल्या कापसानं टिपत राहा. डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्या बाजूला बस. दुसऱ्या बाजूनं बोललीस आणि ते गप्प राहिले तर तुला उगाच वाटेल की अजून रागावलेत.

भोपळ्याला आधी सांग, आजोबांच्या मानेला जखम आहे, मग आत ने. पोरं सांगून दाखवलेल्याला भीत नाहीत.

खिडकी त्यांना उघडी लागते. तुला थंडी वाजली तर माझं पांघरूण... नाही, ते घेऊन जाणार आहे मी. तुझं काही आण.

सासू

२४ मार्च

सूनबाई,

या पत्राला तिकीट लावलेलं नाही. तू दोन गल्ल्या पलीकडे आहेस आणि नर्सबाई हातानं आणून देईल. इतक्या जवळ मी कधी पत्र लिहिलं नव्हतं.

शनिवारी यायचं आणि रविवारी जायचं असा तुझा बेत होता ना? सोमवारी गाडीत बसल्यावर मी नर्सबाईला विचारलं, गेली का? म्हणाली, आहे. मंगळवारी विचारलं, आहे. मग रोज तेच. खरं सांगते, आहे म्हटलं की मला बरं वाटायचं आणि चीडही यायची. आपण पेरायचं आणि दुसऱ्यानं... जाऊ दे.

नर्सबाई एका घरातलं दुसऱ्या घरात नेत नाही. मी खूप खोदलं. मिठाचं पाणी उकळून देते का, गोळी वेळेवर जाते का, खिडकी उघडी असते का. ती म्हणायची, आजी, सगळं नीट चाललंय. नीट चाललंय हे ऐकून माणसाला कसं वाटतं, ते तुला तुझ्या म्हातारपणी कळेल. इतके दिवस माझ्यावाचून अडतं असं मी धरून चालले होते.

पलीकडच्या वस्तीत माझ्या वाट्याला एक म्हातारा आला आहे. बोलत नाही, भांडत नाही, त्याच्या घरची खिडकी बंदच असते. मला तशीच हवी होती, तरी उघडून आले.

त्या दिवशी सकाळी ड्रायव्हरनं गाडीत सामान चढवलं, आणि तुझ्या वडिलांचा गॉजचा डबा चढवला नाही. कोणी काही सांगायच्या आधी मला कळलं. नर्सबाई शेजारी येऊन बसली. नियम मोडून तिनं एवढंच सांगितलं की पहाटे गेले, दुखत नव्हतं, आणि तुमची सून उजव्या बाजूला बसलेली होती. बस्स. त्यापलीकडे तुमच्यात काय बोलणं झालं, झालं की नाही झालं, ते मला नको सांगूस. ते माझं नाही.

ड्रायव्हर म्हणाला, आजी, गाडी त्या गल्लीवरून घेऊ का, निदान लांबून बघाल. मी म्हटलं, सरळ चल. त्यांना स्मशानात नेलं तेव्हाही मी आले नाही. गल्लीतले लोक म्हणाले असतील, बघा, विहीण म्हणून शेवटी तोंड दाखवलं नाही, सुंभ जळला तरी पीळ गेला नाही. म्हणू देत. रडले-बिडले नाही मी. सकाळच्या वेळी हात मोकळे राहतात, एवढं मात्र जाणवतं.

तू अजून त्या घरात आहेस, आवराआवर चालली आहे, असं दुकानदारानं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. हेही तोच म्हणाला, की पोराची शाळा बुडते आहे, पण नवरा रागावलेला नाही, उलट तोच चार दिवस राहा म्हणाला. चांगला माणूस दिसतो. दिसतो म्हणजे, मी कुठे बघितलाय.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. नर्सबाईनं मला नवी पेशंट दिली आहे. तुमच्या गल्लीच्या अगदी टोकाच्या खोलीतली इस्त्रीवाली. पोटाचं दुखणं आहे, एकटीच आहे, कोणालाही आत घेत नाही. मला घेईल असं नर्सबाईला वाटतं, कारण ती माझ्याहून तुसडी आहे. तिच्याकडे जायला तुझ्या दारावरूनच वाट आहे. मी मागून जाऊन बघितलं. तिकडे भिंत आहे, आणि या वयात भिंत चढताना पडले तर नर्सबाईची पेशंट मीच होईन.

तू लिहिलं होतंस, तुम्ही तिथे नसाल तर. मी कबूल केलं, आणि पाळलं. पण कधीपर्यंत, ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारलं नाही. त्यामुळे अजून मी त्या गल्लीत पाऊल टाकलेलं नाही. दुकानातही दुसऱ्या बाजूनं जाते.

माझ्यापुरतं असतं तर मी तू जाईपर्यंत थांबले असते. इस्त्रीवालीला थांबता येणार नाही, तिला रात्रंदिवस कळा येतात. मी सरळ जाईन, सरळ येईन. तुझ्या दाराकडे बघणार नाही. पोरगं अंगणात खेळत असलं तरी हाक मारणार नाही. त्यानं विचारलं ही कोण, तर इस्त्रीवालीकडे येणारी बाई म्हणून सांग, खोटं नाही ते.

नर्सबाई तुझ्यासमोर उभी आहे, तिला जास्त वेळ उभी करू नकोस. लिहायचं काही नाही. येऊ दे की नको, तेवढं तिच्याजवळ तोंडी सांग.

सासू